पऱ्हाटी, वॉशिंग्टन आणि कादंबरी

मामांचं म्हणणं असं: ज्या वर्षी वॉशिंग्टनमधल्या एका सहीनं अकोल्याचा कापूसबाजार हलतो, त्या वर्षी लेखकानं कादंबऱ्या वाचत बसू नये. माझं म्हणणं, त्याच वर्षी वाचाव्यात. २०२५ च्या ऑगस्टपासून आम्ही यावर भांडतो आहोत. कधी अकोल्यात जठारपेठेत त्यांच्या घरी, कधी अमरावतीला माझ्याकडे, कधी फोनवर. मामा शेतकरी संघटनेचे जुने कार्यकर्ते. एकाधिकार खरेदीच्या काळात शेतकऱ्याला आपला कापूस राज्याबाहेर विकायची बंदी होती, तेव्हा त्यांनी आंदोलनं केली, कोठडीही पाहिली. अकोट तालुक्यात त्यांची कोरडवाहू जमीन आहे आणि एकुलता एक मुलगा अमेरिकेत आहे. मी कथा-कादंबऱ्या लिहिते. आमचं बोलणं इथे उतरवते आहे. मामांची वऱ्हाडी सुधारलेली नाही, कारण तिच्यात सुधारण्यासारखं काही नाही.

“तू मले सांग,” मामा म्हणाले, “एकोणीस ऑगस्टले दिल्लीनं कापसावरचं अकरा टक्के आयात शुल्क काढलं. काहून काढलं? अमेरिकेनं आपल्या कपड्यावर टॅरिफ लावला, गिरणीवाले ओरडले, म्हून त्यायले बाहेरचा कापूस स्वस्त पायजे. सत्तावीस तारखेले तिकडचा टॅरिफ पन्नास टक्के झाला. दुसऱ्या दिवशी आपल्याइकडची सूट तीस सप्टेंबरची एकतीस डिसेंबरपर्यंत वाढली. अन् आपल्या वऱ्हाडात कापूस घरात येते कवा?”

“दसरा-दिवाळीच्या सुमाराला.”

“मंग! आपला पयला वेचा व्हायच्या आंधी बाहेरच्या गाठी बंदरात. लांब धाग्याचा हमीभाव कागदावर आठ हजार एकशे दहा. थो भाव भेटायले सीसीआयच्या सरकारी खरेदी केंद्रावर नंबर लागला पायजे, ओलावा बसला पायजे. हे सारं चालू असतानी तू एकोणीसशे एकोणचाळीसचं पुस्तक वाचून राह्यली. थेही अमेरिकेचंच!”

पुस्तक होतं जॉन स्टाइनबेकचं ‘द ग्रेप्स ऑफ रॉथ’. ओक्लाहोमातलं जोड नावाचं शेतकरी कुटुंब, दुष्काळ आणि कर्जानं जमीन गेल्यावर एका खटारा गाडीतून कॅलिफोर्नियाला निघतं, त्याची ही कथा. मामांना मी त्यातलं पाचवं प्रकरण सांगितलं. कुळाच्या जमिनीवर ट्रॅक्टर येतो. चालवणारा पोरगा परका नाही, ओळखीच्याच घरचा आहे; रोजाचे तीन डॉलर मिळतात म्हणून तो हे काम करतो. ट्रॅक्टर कुळाच्या घरावर येणार, तेव्हा कूळ म्हणतं, बंदूक काढीन. पोरगा म्हणतो, मला मारून काय होणार, उद्या दुसरा येईल. मग हुकूम देणाऱ्याला मारतो. त्याला बँकेनं सांगितलंय. मग बँकेच्या अध्यक्षाला. त्यालाही हुकूम पूर्वेकडून आले आहेत. शेवटी कूळ विचारतं, मग मारायचं तरी कुणाला? याला उत्तर मिळत नाही.

मामा थोडा वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, “हे बरोबर हाय. आम्ही अठ्ठावीस ऑगस्टच्या बातमीनंतर तहसीलदाराले निवेदन देलं. तहसीलदार म्हनते, माह्या हातात काय हाय? कलेक्टर म्हनते, दिल्लीचा विषय. दिल्ली म्हनते, अमेरिकेनं केलं. अमेरिकेत कोणाले देता निवेदन?”

“हेच मी त्या पुस्तकात वाचत होते.”

“पण बाई, मले हे पुस्तकाबिगर समजलं. मी उन्हात उभा राहून समजलो. तुले समजायले पुस्तक लागलं, यात पुस्तकाचा मोठेपणा काय?”

या प्रश्नाला मी तेव्हा जे उत्तर दिलं ते आजही तसंच देईन. मामांना त्यांच्या निवेदनाचं काय झालं ते समजलं. पण त्या ट्रॅक्टरवरच्या पोराचं काय, हे त्यांना त्या दिवशी दिसत नव्हतं. तहसील कार्यालयातला कारकून, ज्यानं निवेदनावर पोचेचा शिक्का मारला, तोही कुणा कास्तकाराचाच मुलगा असेल, घरी त्याचीही पऱ्हाटी उभी असेल. आंदोलनाच्या भाषणात तो ‘प्रशासन’ असतो. बातमीत तर तो नसतोच. स्टाइनबेकनं त्याला तीन डॉलर रोज दिला, बायकोपोरं दिली आणि कुळासमोर उभं केलं. अन्याय करणारी साखळी माणसांचीच असते आणि प्रत्येक कडीला पोट असतं, हे समजण्यासाठी मला ते प्रकरण लागतं. एकदा वाचून भागत नाही, पुन्हा पुन्हा लागतं.

मामांनी लगेच पुढचा मुद्दा काढला. “थो स्टाइनबेक आधी पेपरात लिहे ना?”

“हो. १९३६ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोच्या एका दैनिकासाठी तो स्थलांतरित मजुरांच्या छावण्यांत फिरला. लेखमाला लिहिली. कादंबरी नंतर आली.”

“म्हणजे पयले बातमी! पयले डोयानं पाह्यलं, मंग गोठ सांगतली. तू मधली पायरी सोडून राह्यली.”

हा मुद्दा मला मान्य आहे आणि तो मी टाळणार नाही. घरात बसून वाचणं पुरत नाही. पण मामा त्यातून जो निष्कर्ष काढतात तो निघत नाही. लेखमालेत सगळी माहिती होती, तरी माणसाला पुन्हा तीनेक वर्षं त्याच विषयाशी झटावं लागलं. का लागलं? माहिती कमी पडली म्हणून नाही. आणि त्या कादंबरीनं काय हलवलं ते पाहावं. ज्या कॅलिफोर्नियात गोष्ट घडते, तिथल्याच कर्न काउंटीच्या कारभारी मंडळानं ऑगस्ट १९३९ मध्ये ती सार्वजनिक वाचनालयांतून काढायला लावली. ग्रेचेन नीफ नावाच्या तिथल्या ग्रंथपालबाईंनी मंडळाला पत्र लिहून विरोध केला. बंदी उठली नाही, तेव्हा आपल्याकडच्या प्रती त्यांनी दुसऱ्या गावांच्या वाचनालयांना दिल्या. एका लेखमालेसाठी एवढी धावपळ कुणी केली नसती.

“तिकडं पुस्तकाले भेतात तरी,” मामा म्हणाले. “आपल्या गावात तुह्यं पुस्तक वाचनालयातून काढाचं म्हटलं, तर आधी कोणाले तरी थे तिथं हाय हे मालूम पायजे.”

हे त्यांनी मला टोचायला म्हटलं नाही. त्यांना त्याचं वाईट वाटतं, हे मला माहीत आहे. पण तिकडची भीती जुनी झालेली नाही. जानेवारी २०२२ मध्ये टेनेसीतल्या एका शाळा मंडळानं आर्ट स्पिगलमनचं ‘माउस’ अभ्यासक्रमातून काढलं. नाझी छळछावणीतून वाचलेल्या आपल्या वडिलांची हकिगत त्यानं उंदीर-मांजरांच्या चित्रकथेत सांगितली आहे. मे २०२५ मध्ये अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसच्या प्रमुख कार्ला हेडन यांना एका छोट्याशा ई-मेलनं पदावरून दूर केलं गेलं. ट्रम्प यांच्या सह्यांच्या बातम्यांत ही बातमी एका दिवसात वाहून गेली. मी तिच्यापाशी बराच वेळ थांबले. सत्तेला टॅरिफपासून सवड मिळते आणि ती ग्रंथपालाकडे वळते, तेव्हा पुस्तकात काहीतरी आहे हे सत्तेला कळलेलं असतं.

“सत्तेले सगळ्याचीच भीती असते,” मामा म्हणाले. “आमच्या संघटनेच्या बिल्ल्याचीबी होती.”

माझ्या वाचनाबद्दल थोडं सांगायला हवं, नाहीतर हा वाद हवेतला वाटेल. अमेरिकेत सकाळ होते तेव्हा आपल्याकडे संध्याकाळ असते. त्यामुळे तिकडच्या राजकारणाची ताजी बातमी वऱ्हाडात येते ती नेमकी वाचायच्या वेळेला, जेवणं आटोपून घर शांत झालं की. कुठल्या देशावर किती टक्के, कुठला निधी बंद, कुणाची हकालपट्टी, न्यायालय काय म्हणालं. २०२५ च्या सुरुवातीपासून माझ्या रात्री अशाच जात होत्या आणि त्याचा परिणाम मला माझ्या लिहिण्यात दिसू लागला. माझी पात्रं एकमेकांशी बोलायची थांबली आणि भूमिका मांडू लागली. सासू सुनेला काही सांगते आहे असं लिहायला घ्यावं, तर दोन वाक्यांत सासूचं मत काय आणि सुनेचं काय हे ठरून जाई आणि पुढे सांगण्यासारखं काही उरत नसे. म्हणून मी रात्री नऊनंतर कादंबरी वाचायची असं ठरवलं. त्यातही अमेरिकन, कारण बातमीत जो देश मला दिसत होता त्यात फक्त एक माणूस राहतो असं वाटू लागलं होतं.

मी फॉक्नर पुन्हा काढला. ‘ॲज आय ले डाइंग’मधलं बंड्रन कुटुंब मिसिसिपीत कापूस पिकवणारं, फाटकं, हट्टी. टोनी मॉरिसनची ‘बिलव्हेड’ काढली, जिच्यामागे १८५६ ची मार्गारेट गार्नरची खरी घटना आहे: गुलामगिरीतून पळालेल्या आणि पकडल्या जाणाऱ्या आईनं आपल्या लेकराला स्वतः मारलं. हे वाचताना मला कळत गेलं की ज्या कापसासाठी त्या बाईसारखी माणसं विकली-घेतली गेली, त्याच कापसाशी आमच्या वऱ्हाडाचं नशीब बांधलेलं आहे.

मामांना हा धागा लगेच पटला, आणि त्यांनी तो माझ्याच विरोधात वापरला.

“अठराशे एकसष्ट,” ते म्हणाले. “तिकडं यादवी लागली, दक्षिणेचा कापूस अडला, लँकेशायरच्या गिरण्या उपाशी. साहेबाले वऱ्हाड आठवलं. भाव चढला, लोकायनं ज्वारी मोडून कापूस लावला. रेल्वे आली, सदुसष्टले नागपूरपर्यंत गेली. सत्तरले लॉर्ड मेयो खुद्द खामगावले आला. पासष्टले तिकडची लढाई संपली, भाव पडला. इथपर्यंत बरोबर?”

“बरोबर.”

“मंग त्या एकसष्ट साली मराठी कादंबरीवाले काय लिहून राह्यले होते?”

मला उत्तर माहीत होतं, आणि ते मामांच्या बाजूचं होतं. १८६१ मध्ये लक्ष्मण मोरेश्वर हळबे यांची ‘मुक्तामाला’ आली. सद्गुणी नायक-नायिका, दुष्ट कारस्थानी, संकटं आणि सुटका. बाबा पदमनजींची ‘यमुनापर्यटन’ त्याआधी चार वर्षं आली होती, ती विधवांच्या दुःखाची होती, पण तिच्यानंतरची वाट बराच काळ अद्भुताकडेच गेली. ज्या वर्षी अमेरिकेत फोर्ट समटरवर यादवीच्या पहिल्या तोफा सुटल्या आणि त्यांचा आवाज पुढे अकोटच्या वावरात पोचला, त्या वर्षी मराठी कादंबरी राजवाड्यात होती.

“पाह्य!” मामा म्हणाले. “तुह्या जातभाईनं तेव्हाबी डोये झाकले होते.”

“पण मामा, त्याचं नुकसान कुणाचं झालं? त्या तीस-चाळीस वर्षांबद्दल आज आपल्याला काय माहीत आहे? कॉटन कमिशनर रिव्हेट-कार्नॅकचे अहवाल आहेत. किती एकर, किती गाठी, रस्ता कसा, धाग्याची प्रत कशी. भाव चढला तेव्हा अकोटच्या कास्तकाराच्या घरात पहिल्यांदा काय आलं? त्याच्या बायकोला ज्वारी मोडलेली पटली होती का? पासष्टला भाव पडला तेव्हा सावकारानं दारात येऊन पहिलं वाक्य काय म्हटलं? १८९९-१९०० चा दुष्काळ पडला तेव्हा कापूस असलेल्या आणि धान्य नसलेल्या घरात कोण आधी जेवलं? बातमी होती, अहवाल होते, आकडे होते. हे सांगणारी कादंबरी नव्हती. म्हणून आपल्या पणजोबांचे वडील आपल्याला गाठींच्या संख्येत शोधावे लागतात. तुम्ही म्हणता, लेखकांनी डोळे झाकले. मी म्हणते, त्यांच्या वाचनात तसं काही नव्हतं. वावरात उभ्या असलेल्या माणसाची कादंबरी लिहिता येते, हे त्यांना कुणी दाखवलंच नव्हतं. लेखक जे लिहितो ते कुठल्यातरी वाचनातून शक्य झालेलं असतं.”

मामांनी मान हलवली नाही, पण वादही घातला नाही. ते उठून आत गेले, दोन पेले चहा घेऊन आले आणि म्हणाले, “जोतिबा फुल्यायचं काय?”

मामांची ही सवय आहे. हरत आहेत असं वाटलं की ते मोठा माणूस आणतात. पण फुले इथे खरोखरच हवे होते. १८७३ मध्ये ‘गुलामगिरी’ आली, तेव्हा जोतीरावांनी ती अमेरिकेतल्या सदाचारी लोकांना अर्पण केली, त्यांनी निग्रोंना दास्यातून मुक्त करण्याच्या कामी दाखवलेल्या औदार्याबद्दल. पुण्यात बसून अमेरिकेचं राजकारण वाचणारे पहिले मोठे मराठी लेखक तेच असावेत. टॉमस पेन त्यांनी वाचला होता.

“थ्यायनं कादंबरी वाचली नाई,” मामा म्हणाले. “पेन वाचला. अमेरिकेची बातमी वाचली, अन् इकडच्या शूद्राले लावून पाह्यली. अन् १८८५ ले पुण्यात ग्रंथकारायची सभा भरली, त्यायले बोलावणं आलं, तर साफ नाई म्हटलं. ज्यायले शेतकऱ्याचं दुःख माहीत नाई, त्या लेखकायच्या मंडपात कायले जावं? आमचे वीर वामनराव जोशी पाह्य, अमरावतीचेच. नाटकं लिहिली, पेपर काढला, जेलात गेले. वाचन असं पायजे का त्यातून माणूस उठला पायजे.”

मी म्हटलं, “मामा, जोतीरावांनी अमेरिकेतला गुलाम डोळ्यांनी पाहिला नव्हता. तुमच्या हिशेबानं मधली पायरी त्यांनीही सोडली.”

ते हसले. “थो जोतिबा होता.”

“म्हणजे वाचूनही परक्याचं दुःख आपलं होऊ शकतं, एवढं तरी मान्य करा.”

एवढं त्यांनी मान्य केलं. मग मी विश्राम बेडेकरांची ‘रणांगण’ काढली. बेडेकर अमरावतीत जन्मलेले, १९०६ चे. कादंबरी १९३९ ची, म्हणजे स्टाइनबेकच्या कादंबरीच्याच सालातली. युरोपातून निघालेली बोट, तीवर नाझी जर्मनीनं देशोधडीला लावलेले ज्यू, त्यात हॅर्टा. चक्रधर नावाचा मराठी तरुण तिच्या प्रेमात पडतो, पण तिला मुंबईत उतरण्याची मोकळीक नाही. तिला पुढे शांघायला जायचं आहे, कारण तिला घेणारी जागा जगात तेवढीच उरली आहे. हिटलर त्या बोटीवर कुठेच नाही आणि प्रत्येक केबिनमध्ये आहे. त्या काळचे मराठी अग्रलेख आज कुणी काढून वाचत नाही. हॅर्टा मात्र वाचली जाते. माझ्या मते मराठीत परदेशी राजकारणावर लिहिलेलं सगळ्यात खरं पुस्तक हेच आहे, आणि त्यात राजकारणाची चर्चा अगदी थोडी आहे.

“बेडेकर बोटीवर होते,” मामा म्हणाले. “तू अमरावतीत राजापेठेत हाय.”

“बोट आता आपल्याच घरी आली आहे, मामा.”

हे मी बोलून गेले आणि दोघंही गप्प झालो, कारण मी कशाबद्दल बोलते आहे हे त्यांना कळलं होतं.

सप्टेंबरात मामेभाऊ रजेवर आला होता. वीस तारखेला, शनिवारी सकाळी, सर्वपित्रीच्या आदल्या दिवशी, मामी दुसऱ्या दिवसाच्या स्वयंपाकाची तयारी करत होत्या आणि फोनवर बातमी आली. एच-१बी व्हिसासाठी एक लाख डॉलर. रविवारी, एकवीस तारखेला, तिकडच्या रात्री बारा वाजून एका मिनिटापासून लागू. जे देशाबाहेर आहेत त्यांनी तोवर परत यावं, असे निरोप कंपन्यांकडून सुटले. मामांनी भिंतीवरचं कॅलेंडर उतरवून त्याच्या मागच्या बाजूला हिशेब मांडला. अकोल्याहून गाडीनं नागपूर, तिथून विमानानं मुंबई किंवा दिल्ली, पुढचं विमान, पंधरा-सोळा तास. कसाही मांडला तरी मुलगा आपल्या घड्याळातल्या रविवार सकाळच्या साडेनवाच्या आत अमेरिकेत उतरत नव्हता. मग तो गेलाच नाही. बॅग भरलेली तशीच राहिली. रात्री उशिरा तिकडून खुलासा आला की शुल्क एकदाच भरायचं आहे आणि फक्त नव्या अर्जांना, ज्यांच्याकडे व्हिसा आहे त्यांना नाही. रविवारी पितरांचं पान वाढलं गेलं. आठवड्याभरानं तो नीट परतला.

त्या दिवशी मामांनी मला सांगितलेली एक गोष्ट माझ्या मनातून जात नाही. “आम्ही पोरायले काय सांगतलं होतं?” ते म्हणाले. “जागतिक व्यापाराचा डंकेल प्रस्ताव आला तवा सारा देश विरोधात होता. आमच्या संघटनेचे शरद जोशी म्हणाले, येऊ द्या. दुनियेचा बाजार खुला झाला का शेतकरी सुटते. मी गावोगाव थे सांगत हिंडलो. अमेरिका आपल्या कापूसवाल्यायले अनुदान देते हे मालूम होतं. ब्राझीलनं त्याच्यावर डब्ल्यूटीओत केस जिंकली, तवा आम्ही पेढे वाटले. दोन हजार एकोणीसले दहा जूनले अकोली जहागीरले एचटीबीटी कापसाचं बियाणं सरकारची मान्यता नसतानी उघड पेरलं, तवाबी मी होतो. थे तंत्र मुळात अमेरिकेचंच. मी अमेरिकेचा दुश्मन नाई, बाई. मी तिच्यावर भरोसा ठेवला. पोरगाबी तिकडं पाठवला. अन् आता कापूसबी तिनंच अडवला, पोरगाबी.”

मी म्हटलं, “मामा, हे तुम्ही जे आत्ता सांगितलं ते कुठल्या बातमीत आहे?”

“नाई.”

“मग हे वाचायचं कुठे?”

“हे कोणी कायले वाचन? हे माह्यं हाय.”

उद्धव शेळक्यांच्या ‘धग’बद्दल बोलणं निघालं तेव्हाही मामांनी हाच सूर लावला होता. १९६० साली ती कादंबरी आली. त्याच वर्षी संयुक्त महाराष्ट्र झाला, विदर्भाचं काय होणार यावर चौकाचौकांत भांडणं होती आणि पुस्तकात मात्र कौतिक नावाची एक शिंपीण, तिचा कामचुकार नवरा, तिची पोरं. “कौतिक मले माहीत हाय,” मामा म्हणाले होते. “आमच्या गल्लीत चार कौतिका होत्या. म्हून मले थे वाचाची गरज नाई. ज्यायले माहीत नाई त्यायनं वाचावं.” मला हे वाक्य त्यांच्या सगळ्या मुद्द्यांत सगळ्यात जड वाटतं. कारण ते अर्धं खरं आहे. ज्याला माहीत नाही त्यानं वाचावं, हे पूर्ण खरं. ओक्लाहोमाच्या बाबतीत मी तशी आहे आणि टेक्सासमधल्या कापूसवाल्याच्या बाबतीत मामा तसे आहेत. तो कापूसवाला सरकारी अनुदान घेतो, मोठ्या यंत्रानं कापूस वेचतो आणि बहुधा ट्रम्पना मत देतो, एवढंच मामांना माहीत आहे. त्याच्या घरी रात्री काय बोललं जातं हे कुणीतरी आपल्याला सांगायला हवं. पण जे आपलंच आहे ते वाचायची गरज नाही, हे मी मानत नाही. गल्लीत चार कौतिका होत्या, तरी त्यांच्यापैकी एकीलाही मामांनी कधी विचारलं नसेल की तू नवऱ्याला का सोडत नाहीस. शेळक्यांनी विचारलं. अडीच-तीनशे पानं विचारलं.

दिवाळीनंतर मी मामांना सांगितलं की मला या सप्टेंबरच्या शनिवारावर लिहायचं आहे. आधी लेखात थोडं, मग कधीतरी कादंबरीत.

ते ताडकन् म्हणाले, “नाई.”

“का?”

“आता तिकडं जाणाऱ्या पोरायचे फेसबुक तपासतात. विद्यार्थ्यायले तर जूनपासून सांगतलंच हाय, खाते उघडे ठेवा. उद्या तुह्या लेखावरून माह्या पोराले कोणी इचारलं, तर तू येशीन का वकील घेऊन?”

इतका वेळ कादंबरी निरुपयोगी आहे म्हणणारा माणूस एका मराठी लेखाला घाबरत होता. त्यात मला आनंद वाटला नाही. त्यांची भीती खरी आहे आणि ती मला माझ्या वाचनाच्या टेबलापर्यंत येताना दिसते. या राजकारणानं लेखकाकडून घेतलेली गोष्ट फक्त वेळ नाही. अमरावतीतल्या बाईनं आपल्या मामेभावाबद्दल काय लिहावं, याचा विचार करताना दूरच्या एका कार्यालयातला परका वाचक तिच्या खांद्यावरून वाकून पाहतो, हेही आता त्यात आलं. बेडेकरांच्या काळात हॅर्टाला हेच होतं. मॉरिसनच्या पात्रांना तर जन्मभर हेच होतं. भीतीच्या खालून कसं लिहायचं, नाव-गाव बदलूनही खरं कसं ठेवायचं, हे मला बातमी शिकवू शकत नाही. ते ज्यांनी केलंय त्यांना वाचूनच शिकावं लागतं, आणि मला ते या वर्षी शिकायचं आहे, पुढच्या नाही.

हे मी मामांना याच शब्दांत सांगितलं.

“नाव बदललं का थे खोटं होते,” ते म्हणाले.

“कौतिक खोटी आहे का?”

त्यांनी उत्तर दिलं नाही. दोन दिवसांनी त्यांचा फोन आला. सीसीआयच्या केंद्रावर नोंदणीच्या रांगेत होते, मागे ट्रॅक्टरचे आवाज येत होते. त्यांनी अटी सांगितल्या: पोराचं नाव नको, शहर नको, कंपनी नको, मामीचं नाव तर नकोच. लेख छापायच्या आधी त्यांना वाचून दाखवायचा. त्या सगळ्या मी पाळल्या आहेत. वाचून दाखवला तेव्हा त्यांनी फक्त एका जागी थांबवलं.

“साडेनऊ नको लिहू,” ते म्हणाले. “नऊ एकतीस होते. मी मांडलं होतं.”